राज्यमाता आणि घरची आई

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा दिला. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. या घोषणेच्या जोडीने आणखी एक निर्णय झाला : गोशाळांतील देशी गाईंच्या पोषणासाठी दर गाईमागे दररोज ५० रुपये अनुदान द्यावे. महिन्याचा हिशेब केला तर ही रक्कम दीड हजार रुपये होते. याच राज्यात ज्या वृद्धाला कोणाचाही आधार नाही, त्याला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली जी मासिक रक्कम मिळते, ती २०२३ साली हजारावरून वाढवून नेमकी दीड हजारावर आणली होती. म्हणजे राज्यमातेच्या चाऱ्याचा दर आणि राज्यातील निराधार आईच्या अन्नवस्त्राचा, औषधपाण्याचा दर त्या सप्टेंबरात एकच ठरला.

या योगायोगाकडे बोट दाखवताना आम्हांला गाईच्या तोंडचा घास काढावयाचा नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. पन्नास रुपयांत जनावराचे दिवसभराचे वैरण, पाणी, औषध आणि राखणदारी भागत नाही, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला सांगावे लागत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. गाईच्या बाबतीत निदान दिवसाचा खर्च धरून कोणीतरी आकडा मांडला. म्हातारीच्या बाबतीत दीड हजार हा आकडा कोणत्या हिशेबाने आला? किती भाकरी, रक्तदाबाच्या किती गोळ्या, तालुक्याच्या दवाखान्याच्या किती फेऱ्या त्यात धरल्या? केंद्र सरकारची तऱ्हा तर याहून निराळी आहे. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी तो अद्यापि २०० रुपयेच आहे. इतक्या वर्षांत डाळ, तेल, गॅस आणि एस.टी.चे भाडे कोठून कोठे गेले, याचा विचार करण्याची गरज दिल्लीतील कोणत्याही सरकारला वाटलेली नाही.

राज्यघटनेच्या चौथ्या भागात, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, दोन कलमे फार अंतरावर नाहीत. ४१ वे कलम सांगते की बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने परिणामकारकपणे उपलब्ध करून द्यावा. ४८ वे कलम शेती व पशुपालन यांची आधुनिक पद्धतीने मांडणी करण्यास आणि गाईवासरांची, दुभत्या व ओढकामाच्या गुरांची कत्तल रोखण्यास सांगते. दोन्ही कलमे न्यायालयात थेट बजावून घेता येत नाहीत. दोन्ही केवळ राज्यकर्त्यांच्या सदसद्विवेकाला आवाहन करतात. पण या दोन भावंडांचे नशीब किती निराळे निघाले! ४८ व्या कलमाच्या नावाने कायदे झाले, तुरुंगवासाच्या शिक्षा ठरल्या, आयोग स्थापन झाले आणि निवडणुकाही लढल्या गेल्या. ४१ व्या कलमात मात्र ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत, आणि सर्व पक्षांच्या सरकारांनी ते शब्दच तेवढे पाठ केले.

येथे कोणी म्हणेल की प्राणिमात्रांविषयी करुणा हीही घटनेचीच शिकवण आहे. ते आम्हांला सर्वथा मान्य आहे. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत ती लिहिलेलीच आहे. म्हणूनच करुणेच्या नावाने झालेले कायदे तपासून पाहावेत. राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. २०१५ साली ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली आणि कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली. दुसरीकडे, जिवंत जनावराचे हाल करण्याविरुद्धचा देशाचा कायदा १९६० चा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून तो आला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. जनावराला उपाशी ठेवा, जखमी खांद्यावर जू ठेवा, पेलवत नाही एवढे ओझे ओढायला लावा. पन्नास रुपये भरले की मोकळे. ज्या कायदेमंडळांना करुणेचा एवढा पाझर फुटतो, त्यांना हा दंड साठ वर्षांहून अधिक काळ सुधारता आला नाही. जिवंत जनावराची वेदना मते देत नाही, प्रतीक मते देते, एवढाच याचा अर्थ.

२०१५ च्या बंदीने शेतकऱ्याच्या गोठ्यात काय झाले? थकलेला बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालायची आणि नवा गोऱ्हा आणायचा, हे कोरडवाहू शेतकऱ्याचे पिढ्यान्पिढ्यांचे अर्थशास्त्र होते. ते मोडले. म्हातारा बैल दावणीला ठेवला तर दुष्काळात त्याला वैरण घालायची कोठून, आणि सोडून दिला तर तो दुसऱ्या गरिबाच्या पिकात शिरतो. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गाईबैल होते; २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. या घटीला ट्रॅक्टर आहे, पाणीटंचाई आहे, वैरणीचे भाव आहेत. सारा दोष एका कायद्यावर टाकणे सत्याला धरून होणार नाही. पण कायद्याने गोधन वाढले नाही, एवढे तर उघड आहे. पुण्य सरकारच्या खात्यावर जमा झाले आणि खर्च शेतकऱ्याच्या नावे पडला.

हीच रीत आईबापांच्या बाबतीतही दिसते. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याचे स्वागत आम्हीही केले पाहिजे. वकिलाच्या दारात न जाता प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात म्हाताऱ्या बापाला दाद मागता येते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या कायद्याची भाषा पाहा. मुलांवर बंधन आहे. त्यांनी पोसलेच पाहिजे, आणि आईबापांना टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारविषयी मात्र कायदा सांगतो की प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकार काढू ‘शकेल’. मुलाने केलेच पाहिजे आणि सरकार करू शकेल, या दोन क्रियापदांच्या फटीतून आपल्या देशातील लक्षावधी म्हातारी माणसे खाली घसरली आहेत.

२०२० साली लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापून ती आईवडिलांच्या खात्यावर जमा करण्याचा निर्णय घेतला. पगारदार मुलाने बापाला वाऱ्यावर सोडावे, हे निंद्यच आहे आणि अशा मुलाची कीव आम्हांला येत नाही. पण लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात शिरा. तेथील मुलाच्या कोणत्या पगारातून तीस टक्के कापणार?

दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाची उचल अंगावर घेतलेली ऊसतोडीची जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीवान असेल तर बैलजोडीही बरोबर जाते. गावात मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदरात टाकलेली नातवंडे. पुढचे चार-पाच महिने सत्तरीची आजी स्वयंपाक करते, पाणी भरते, पोरांना शाळेत धाडते आणि तिचे स्वतःचे दुखणे उन्हाळ्यापर्यंत लांबणीवर टाकते. गावी बापाला झटका आल्याचा फोन मुलाला उसाच्या फडात मिळतो. निघावे तर प्रत्येक दिवसाचा खाडा अंगावर बसतो आणि उचल फिटत नाही. न निघावे तर जन्माचा डाग लागतो. याला कोणी ‘पर्याय निवडणे’ म्हणत असेल तर ती क्रूर थट्टा आहे. त्याच वेळी कारखान्याच्या रस्त्यावर त्याचे बैल टायरगाडीत पेलवेल त्याहून अधिक ऊस ओढीत असतात. ओढकामाच्या जनावरांविषयीचे नियम १९६५ पासून पुस्तकात आहेत : दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांनंतर विसावा हवा, पारा सदतीस अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपू नये. या नियमांची अंमलबजावणी करणारा अधिकारी फडात कोणी पाहिला आहे काय? आणि बैलासाठी निदान कागदावर तरी नऊ तास आहेत. मोळी डोक्यावर घेऊन पहाटे गाडी भरणाऱ्या बाईचे तास कोणी मोजले? येथे बैल, मजूर आणि घरी राहिलेली आई यांच्या हिताचे भांडण नाही. तिघांचाही घास एकाच ठिकाणी अडतो. उसाला वाहतुकीचा आणि तोडणीचा रास्त दर मिळाला, तर गाडीवर ओझे कमी घालता येते, खाड्याची भीती कमी होते आणि बापाला दवाखान्यात नेण्यापुरता वेळ व पैसा हाती राहतो.

शहरातील आणि मध्यमवर्गीय घरातील चित्र वेगळे आहे, पण प्रश्न त्याच जातीचा आहे. तेथे ‘वृद्धाश्रम’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. मुलाने आईला आश्रमात ठेवले की शेजारीपाजारी त्याला कलियुगाचे प्रमाण मानतात. मात्र ज्या घरात आई राहते, त्या घरात तिचे अंथरूण कोण बदलते, रात्री दोनदा उठून कोण तिला उचलते, हे विचारायचे नसते. उत्तर सर्वांना ठाऊक आहे : सून, मुलगी किंवा महिन्याच्या पगारावर ठेवलेली बाई, जिच्या स्वतःच्या आईकडे पाहायला कोणी नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे बिनमोल घरकामात घालवतात, असे आढळले. मातृभक्तीची भाषणे ९७ मिनिटांच्या बाजूने होतात आणि सेवा २९९ मिनिटांच्या बाजूने होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

म्हणून आमचे मत असे की, वृद्धांची सेवा कोठे आणि कशी व्हावी, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या वृद्धाचा आहे. मुलाच्या अब्रूचा नाही, शेजाऱ्याच्या मताचा नाही आणि सरकारच्या सोयीचा तर नाहीच नाही. कोणाला आपल्या ओसरीवरच मरायचे असते, कोणाला लेकीकडे राहायचे असते, कोणाला सुनेच्या उपकारापेक्षा चार समवयस्कांची संगत बरी वाटते. यांपैकी काहीही लाजिरवाणे नाही. लाजिरवाणे आहे ते हे, की विचारलेच जात नाही. आणि विचारले तरी निवडायला समोर दुसरे काही नसते. घरी येणारी परिचारिका, दिवसभर सोबत मिळेल असे गावातले केंद्र, चांगला सार्वजनिक आश्रम आणि हातात स्वतःचे पैसे, एवढे असेल तरच ‘मी मुलाकडे राहते’ या वाक्याला स्वेच्छेचे मोल येते. एरवी ती केवळ निरुपायाची दुसरी बाजू आहे.

पंढरीच्या पुंडलिकाची कथा महाराष्ट्राला सांगावी लागत नाही. दारात देव आला, तरी आईबापांची सेवा संपेपर्यंत त्याने देवाला विटेवर उभे केले. आजचे राज्यकर्ते पुंडलिकाचे नाव घेतात, पण करतात ते नेमके उलट : देवाला पुढे घालून आईबापांना उभे ठेवतात. २०२४ साली ज्येष्ठांना तीर्थयात्रेसाठी माणशी तीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची योजना निघाली. आयुष्यभर राबलेल्या माणसाने एकदा काशी पाहावी, यात वावगे काहीच नाही. पण यात्रेवरून परतल्यावर उरलेले दिवस दीड हजारांत काढायचे आहेत. त्याच वर्षी ‘लाडक्या बहिणी’ला दरमहा दीड हजार सुरू झाले, वयाची अट एकवीस ते पासष्ट, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. त्या वेळी श्रावणबाळ योजनेतील मर्यादा मात्र २१ हजार होती. म्हणजे बहीण पासष्टी ओलांडून म्हातारी झाली, की सरकारच्या नजरेत तिचे नाते संपते आणि तिने आपण जवळजवळ बारापट अधिक दरिद्री असल्याचा दाखला घेऊन पुन्हा तहसिलीच्या दारात उभे राहायचे.

प्रचारात जनावरांचा उपयोग हा आजचा शोध नाही. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत गावोगावच्या भिंतींवर होती. त्यानंतर इंदिरा गांधींच्या पक्षाने गाय-वासरू हे चिन्ह घेतले आणि १९७१ ची निवडणूक त्यावर लढवली. चिन्हातली जनावरे सभांतून खरोखरीची उभी केली जाऊ लागली, त्यांचे हाल होऊ लागले, तेव्हा निवडणूक आयोगाने नव्या चिन्हांतून प्राणी वगळले. आज हत्ती आणि सिंह यांसारखी जुनी चिन्हे तेवढी उरली आहेत. प्रचारात प्राणी वापरू नयेत, अशीही आयोगाची सूचना आहे. तरीही मिरवणुकीत घोडे नाचतात आणि ढोलताशांच्या कल्लोळात बैल भेदरून उभे राहतात. उत्तर पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यत हा तर लोकसभेच्या निवडणुकीचा मुद्दा बनला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. या सर्व काळात बैलाच्या बाजूने आणि बैलाच्या विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. बैलाच्या दवाखान्याविषयी, तेथील औषधांविषयी आणि पशुवैद्याच्या नेमणुकीविषयी मात्र प्रचारसभेत क्वचितच कोणी बोलले.

समाजवाद्यांची जुनी चिन्हे झोपडी आणि वडाचे झाड ही होती. याचा अभिमान बाळगावा, पण त्याने आपले हात धुतले जात नाहीत. आपल्याही मिरवणुकांत सजवलेल्या बैलगाड्या निघाल्या आहेत. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आपल्या चळवळीतील पूर्णवेळ कार्यकर्त्यांची आईबापे कोणी सांभाळली? दौरे, शिबिरे आणि तुरुंगवास यांची थोरवी आपण गायली. घरी सासऱ्याचे पाय चेपणारी, सासूला घास भरवणारी कार्यकर्त्याची पत्नी आपल्या गौरव अंकांत एका ओळीत येते. ज्या श्रमाला आपण मोल मागतो तो श्रम आपल्याच घरात आपण फुकट घेतला. हे कबूल केल्याशिवाय इतरांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पैसा कोठून आणणार, हा प्रश्न नेहमीच विचारला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील ९.९ टक्के लोक साठीच्या वरचे होते, आणि हे प्रमाण वाढतच जाणार. त्यामुळे खर्च मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केरळने १९८० साली, आजच्याहून कितीतरी गरीब असताना, शेतमजुरांना वृद्धापकाळाचे वेतन सुरू केले. पुढे तेथील पंचायतींनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी परिचारिका पाठवण्याची व्यवस्था उभी केली. २०१२ साली पेन्शन परिषदेच्या व्यासपीठावरून बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी दिल्लीत धरणे धरले, तेव्हा बाबांनी स्वतःची ऐंशी ओलांडली होती. मागणी साधी होती : असंघटित कष्टकऱ्याला म्हातारपणी किमान वेतनाच्या निम्म्याइतके तरी निवृत्तिवेतन, हक्काने, आणि महागाईला जोडलेले. ज्या हमालाने पन्नास वर्षे पाठीवरून धान्य वाहिले, त्याने म्हातारपणी मुलाच्या स्वभावावर का अवलंबून राहावे? ही मागणी आजही आमची आहे.

तिच्या जोडीने आम्ही पुढील गोष्टी मागतो. २००७ च्या कायद्यातील वृद्धाश्रमांची तरतूद सरकारवर बंधनकारक व्हावी. प्राथमिक आरोग्यकेंद्रातून घरभेटीची शुश्रूषा मिळावी. जनावरांच्या छळाचा दंड आजच्या रुपयात यावा, आणि तो सर्वप्रथम गाडी लादणाऱ्या कारखान्याकडून व ठेकेदाराकडून वसूल व्हावा, कर्जात बुडालेल्या गाडीवानाकडून नव्हे. सरकारला म्हातारे बैल जगवायचे असतील, तर त्यांच्या वैरणीचा खर्च गोशाळांपुरता न ठेवता शेतकऱ्याच्या दावणीपर्यंत पोचवावा. ते जमत नसेल तर शेतकऱ्याला आपले जनावर विकू द्यावे.

साथींनो, पुढच्या निवडणुकीत पुन्हा कोणीतरी गाईच्या गळ्यात हार घालील. त्याला उत्तर म्हणून गाईची टवाळी करू नका. ज्या शेतकऱ्याच्या घरात गाय माणसाप्रमाणे वाढते, त्याच्या भावनेशी आपले वैर नाही. त्याऐवजी आपल्या गावची यादी करा. साठीच्या वरची माणसे किती, त्यांपैकी वेतन कितींना मिळते, कितींचे अर्ज कोणत्या दाखल्यावाचून अडले, कोण एकटे राहते, ऊसतोडीच्या काळात कोणाकडे पाहायला कोणी नसते. त्याच फेरीत गावातील जनावरांचा दवाखाना उघडा असतो की नाही, तेही पाहा. हार घालणारा उमेदवार गावात आला, की ही यादी त्याच्या हातात द्या आणि एकेका नावाचे उत्तर मागा. आमचा उमेदवार आला तरी त्यालाही सोडू नका.

आणि यादीची सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. आज रात्री बैठकीहून परतल्यावर आईला विचारा, तिला काय हवे आहे. आणि तिच्या अंथरुणाची चादर उद्या सकाळी कोण बदलणार, हे पत्नीला न विचारता स्वतः ठरवा.